तारीख न देणारं कोर्ट

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार करत होते.

लॉ कॉलेजचा माझा पहिला दिवस. उशीर नको म्हणून मी दिघ्याहून चांगली लवकर निघालेली. वर्गात शिरते तर फळ्यासमोर काळा कोट, गळ्याला वकिलाचे पांढरे बँड, नाकावर जाड भिंगांचा चष्मा असे एक गृहस्थ प्राध्यापकांच्या खुर्चीपुढे मान झुकवून उभे. मला वाटलं, खुर्चीवर कुणाची तरी तसबीर ठेवली असेल. तसबीर नव्हती. पुसलेली, स्वच्छ, रिकामी खुर्ची होती. मी दारातच अडखळले, तर ते वळून म्हणाले, "आत ये. पण आधी कोर्टाला नमस्कार कर."

ती खुर्ची न्यायासनाची, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. तिच्यावर ते स्वतः कधी बसले नाहीत. तास कितीही लांबो, ते उभेच. वकिलाचं शिक्षण पायांपासून सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी त्या खुर्चीवर दप्तर ठेवलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही दप्तर देवळाच्या गाभाऱ्यात चपलांसकट गेलं आहे. "उचल," ते हळूच म्हणायचे, "न्यायाधीश महाराजांच्या मांडीवर बॅग ठेवलीस तू."

विषयाचं नाव प्रॅक्टिकल ट्रेनिंग. म्हणजे अशिलाला बोलतं कसं करायचं, अर्ज कसा लिहायचा, साक्षीदाराला काय विचारायचं, आणि मुख्य म्हणजे कोर्टात उभं कसं राहायचं. बाकीचे प्राध्यापक कलमं शिकवायचे. सर फाईल कुठल्या काखेत धरायची ते शिकवायचे. डाव्या. उजवा हात मोकळा हवा, कारण कोर्टात कधी कुणाला नमस्कार करावा लागेल सांगता येत नाही. शिपाई, कोर्टाच्या कचेरीतला शिरस्तेदार, समोरचा वकील, सगळ्यांना. "कायदा पुस्तकात मिळेल," ते म्हणायचे, "शिरस्तेदाराला हसून नमस्कार कसा करायचा ते कुठल्या पुस्तकात आहे, दाखव मला."

उशिरा येणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत नसत. त्याहून वाईट करत. विलंब माफीचा अर्ज लिहायला लावत. रीतसर, अर्जदार, जाब देणार, कारणं, विनंती. मग तासाच्या शेवटी त्या अर्जाची सुनावणी. खुर्चीकडे तोंड करून अर्जदाराने बोलायचं आणि सरांनी समोरच्या बाजूने हरकत घ्यायची. एकदा एकाने लिहिलं, रिक्षा मिळाली नाही. सर म्हणाले, "रिक्षावाल्याला साक्षीला आणणार का?" पोरगा गडबडून म्हणाला, "सर, तोच तर मिळाला नाही." सर इतके खूश झाले की त्याची माफी जागच्या जागी मंजूर. दुसऱ्या दिवसापासून निम्मा वर्ग मुद्दाम उशिरा येऊ लागला.

उलटतपासाचा सराव मात्र ते घरी करत, आणि तो माशांवर. सर मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला नेरूळला तळमजल्यावर. दिवाळे गावातली एक कोळीण मावशी वर्षानुवर्षं त्यांच्या इमारतीत मासळी घेऊन यायची. पूर्वी डोक्यावर पाटी, आता स्कूटीवर बर्फाचा डबा. मी एकदा नोट्स घ्यायला सरांकडे गेले होते तेव्हा हा खटला डोळ्यांनी पाहिला. सरांनी पापलेटाचा कल्ला बोटाने उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हा काल संध्याकाळी कुठे होता?"

"पान्यात," मावशी म्हणाली.

"कुठल्या? खाडीच्या की बर्फाच्या?"

"तुमी घेताव का जाऊ? दुसऱ्या बिल्डिंगीत कोन इचारत नाय."

"मावशी, मी फक्त विचारतोय."

"मासली मेलेली हाय सर, ती काय सांगनार!"

खटला मावशीच जिंकायची. दर वेळी. सर पापलेट घेऊन आत जाताना मला म्हणाले, "साक्षीदार असा हवा. एक शब्द जास्त बोलत नाही."

आमच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी आली. तिच्यावर माझा पहिल्या दिवसापासून राग, कारण तिच्यासाठी मुलींची कॉमन रूम गेली. आमचा आरसा निघाला, बाकडी निघाली, भिंतीला निळा रंग लागला, आणि जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीचा मोठा चौकोन आखला गेला. डोक्यावर हेडसेट चढवला की समोर थेट कोर्ट. उंच व्यासपीठ, त्यावर पांढऱ्या केसांचे न्यायाधीश, बाजूला साक्षीदाराचा कठडा, मागे बाकांवर माणसं. आपण बोलायचं, ते ऐकायचे, आणि शेवटी यंत्र मार्कांचा कागद काढून द्यायचं. आवाज किती, वेग किती, न्यायाधीशांकडे किती पाहिलं, फालतू शब्द किती वापरले. प्राचार्यबाईंनी जाहीर केलं की यापुढे प्रॅक्टिकलचे अर्धे मार्क यंत्र देणार.

आम्हाला वाटलं, आता सर भडकणार. आम्ही ते पाहायला मुद्दाम जमलो होतो. सर आले, हेडसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि म्हणाले, "हा टोप कुठल्या बाजूने घालायचा?" तेव्हापासून त्याचं नाव टोप.

टोपात त्यांचा चष्मा मावेना. यंत्र बसवायला आलेला कंपनीचा पोरगा म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, चष्मा काढून घाला, थोडं ब्लर दिसेल पण चालून जाईल." सरांनी चष्मा काढला, घडी घातली आणि शेजारी मी उभी होते म्हणून माझ्या हातात दिला. मग टोप घातला. दोन्ही हातांनी तो नीट बसवला. मग हळूच वाकले, समोरच्या हवेला नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मे इट प्लीज युवर ऑनर."

असा आवाज वर्गात आम्ही कधी ऐकला नव्हता.

मग काय, सरांना त्या टोपाचं वेडच लागलं. तास संपले, मुलं पांगली की ते वरच्या मजल्यावरच्या त्या निळ्या खोलीत हजर. कोट, बँड, डाव्या काखेत फाईल. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सर, यंत्राला कोट दिसत नाही." तर म्हणाले, "मला दिसतो ना." टॅबलेटवरून कोर्ट सुरू-बंद करायला कुणीतरी लागायचं. त्या कामावर ते मला नेमून मोकळे झाले, वर पदवी दिली शिरस्तेदाराची. माझी कामं तीन. पुकारा करायचा, चष्मा सांभाळायचा, आणि सर खोलीतल्या कपाटावर आदळायच्या आत ओरडायचं. कारण कोर्टाकडे पाठ करायची नाही, ही त्यांची शिस्त. काम संपलं की ते नमस्कार करत करत उलटे चालत निघायचे, पिवळ्या चौकोनाच्या बाहेर, थेट कपाटाच्या दिशेने. "सर, थांबा!" मी ओरडायची. "कोर्टात ओरडू नये," ते टोपातून म्हणायचे आणि आदळायचे.

यंत्राशी त्यांचं भांडण पहिल्याच आठवड्यात झालं, आणि तेही भलत्याच कारणावरून. त्यांनी सगळा युक्तिवाद मराठीत केला. यंत्राला कळायचं इंग्रजी. कागद आला, स्पष्टता शून्य. सरांनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, "यांना कळलं नाही, हे यांच्या खात्यात मांडायला हवं. माझ्या कशाला?" मग त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. पण दर दोन वाक्यांनी 'असं बघा' यायचंच. यंत्र प्रत्येक 'असं बघा' फालतू शब्दांत धरायचं. फक्त एका रकान्यात ते कायम पहिले. न्यायाधीशांकडे किती पाहिलं, याला पैकीच्या पैकी. टोप आपला मान कुठे वळते ते मोजणार, आणि सरांची मान व्यासपीठावरून तसूभर हलायची नाही. न्यायाधीशांच्या जागी त्यांना पांढऱ्या केसांचा एक पुंजका दिसायचा, हे यंत्राला माहीत नव्हतं.

खरी लढाई तारखेवरून झाली. कोर्टात तारीख मागणं ही स्वतंत्र विद्या आहे, असं सर शिकवायचे. कधी मागायची, कुठल्या सुरात, चेहऱ्यावर किती दुःख ठेवून. "ज्याला तारीख मागता येत नाही त्याने वकिली करू नये," असं म्हणून ते खुर्चीसमोर उभे राहायचे आणि आवाज असा खाली आणायचे की खुर्चीलाच वाईट वाटावं. तर एके दिवशी टोप घालून त्यांनी न्यायाधीशांकडे तारीख मागितली. न्यायाधीश म्हणाले, "काउन्सेल, प्लीज प्रोसीड." सरांनी पुन्हा मागितली. पुन्हा, "काउन्सेल, प्लीज प्रोसीड." सरांनी आजारपण सांगितलं, कागदपत्रं मिळाली नाहीत सांगितलं, समोरच्या वकिलांची हरकत नाही असंही सांगितलं. पांढऱ्या केसांचा पुंजका बधला नाही. सरांनी टोप काढला. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता.

"या कोर्टात तारीख नाही?" त्यांनी कंपनीच्या पोराला विचारलं.

"नाही सर. म्हणजे, स्टुडंटला परफॉर्म करायचंय ना. डेट दिली तर मार्क कशाचे देणार?"

"अरे, जे तारीख देत नाही ते कोर्ट कसलं? याला दुकान म्हण."

त्यांनी यंत्राला शंभरपैकी चाळीस मार्क दिले. नापास नाही, पण सुधारणा हवी, असा शेरा मारला आणि कागद प्राचार्यबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. पोरगा शहाणा होता. पुढच्या फेरीत त्याने एक बटण टाकून दिलं. सरांनी तारीख मागितली, मी बटण दाबलं, आणि न्यायाधीश म्हणाले, "मॅटर इज अ‍ॅडजर्न्ड." सरांनी एवढा खोल नमस्कार केला की टोप निसटून खाली पडता पडता राहिला. त्या दिवशी ते कपाटावर आदळले तेही आनंदाने.

आमच्या परीक्षेत यंत्राचे आणि सरांचे मार्क कधी जुळले नाहीत. आमच्यात एक पोरगा होता, शब्दागणिक ऑब्जेक्शन म्हणून ओरडायचा. यंत्र त्याच्यावर फिदा. सरांनी त्याला जेमतेम पास केलं आणि म्हणाले, "बाळा, या आवाजात तुला फक्त भाजी स्वस्त मिळेल." मी अशिलाच्या मुलाखतीच्या परीक्षेत टोपातल्या अशील बाईला आधी पाणी विचारलं, कारण सरांनी तसं शिकवलं होतं. टोपातल्या बाईने पाण्याचं उत्तर दिलं नाही आणि यंत्राने वेळ वाया घालवला म्हणून मार्क कापले. सरांनी ते भरून दिले. वर म्हणाले, "ती बाई उपाशी असणार, म्हणून बोलली नाही."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. म्हातारपणी खेळणं मिळालं की माणूस असा होतो, असं आमचं मत. मी तर घरी आईला नक्कल करून दाखवायची, उलटं चालण्यासकट.

आणि एके दिवशी कोळीण मावशी कॉलेजात आली.

सिग्नलला एका गाडीने तिच्या स्कूटीला मागून ठोकलं होतं. मावशीच्या कोपराला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. पण पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि दोन्ही गाड्या पोलीस ठाण्यात नेऊन उभ्या केल्या. आता स्कूटी कोर्टाच्या हुकुमाशिवाय सुटणार नाही, असं सांगितलं. जेटीवरून मासळी उचलायची तर गाडी नाही, आणि पाटी डोक्यावर घेऊन नेरूळपर्यंत चालायचं तिचं वय राहिलं नव्हतं. कोर्टाबाहेरचा एक वकील तिला आज या, उद्या या करत होता. ती सरळ आमच्या वर्गाच्या दारात उभी राहिली.

"सर, माजी गारी सोरवा."

सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साधा अर्ज आहे मावशी. अपघाताची गाडी मालकाच्या ताब्यात द्या, एवढंच मागायचं. पाच मिनिटांचं काम. मी तुम्हाला चांगला वकील बघून देतो."

"दुसरा कशाला? तुमी वकील नाय?"

"आहे ना."

"मग?"

मावशी कधी एक शब्द जास्त बोलत नसे. सर खुर्चीकडे पाहत राहिले. आम्ही सगळे सरांकडे. शेवटी ते म्हणाले, "बरं. मी उभा राहतो." पण ते म्हणताना त्यांचा आवाज टोपाबाहेरचा होता. आमच्या रोजच्या ओळखीचा, जरा बसका.

संध्याकाळी वर गेले तर सर कोट घालून टोप मांडीवर घेऊन बसलेले. प्रथमच बसलेले पाहिले मी त्यांना.

"मी कोर्टात एकदाच उभा राहिलोय," ते म्हणाले.

मला वाटलं, नवी मुंबईतल्या कोर्टात म्हणत असतील.

"एकदाच म्हणजे एकदाच गं. वकिलीची सनद नवी नवी होती. पुकारा झाला, मी उठलो. न्यायाधीश साहेब म्हणाले, 'येस?' बस्स, एवढंच. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी फाईलकडे बघत राहिलो. फाईल पाठ होती मला. सिनिअरने शेवटी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि मला खाली बसवलं. त्यानंतर मी सरकारी कचेरीत चिकटलो, कायदा शाखेत. आयुष्यभर दुसऱ्यांनी कोर्टात काय बोलायचं ते लिहून दिलं. निवृत्त झाल्यावर सनद पुन्हा चालू करून घेतली, पण अजून उभा राहिलो नाही."

"मग आम्हाला हे सगळं कसं शिकवता?" मी विचारलं. माझा स्वभाव असा आगाऊ, काय करणार.

"बघून," सर म्हणाले. "लोक लग्नाला रजा टाकतात ना, तसा मी रजा टाकून कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचो. दिवसदिवस. कोण फाईल कुठल्या काखेत धरतो, सगळं बघायचो." मग टोपावरून हात फिरवत म्हणाले, "यात मला बोलता येतं. का, ते देव जाणे. पण यात येतं."

मला रडूच यायला लागलं होतं. ते दिसू नये म्हणून मी टॅबलेट उचलला आणि पुकारा केला. सर उठले. चष्मा माझ्या हातात दिला, टोप घातला, आणि मावशीच्या स्कूटीचा अर्ज पांढऱ्या पुंजक्यापुढे अथपासून इतिपर्यंत मांडला. यंत्रात तो खटलाच नव्हता. न्यायाधीश मध्येच विचारत होते की आरोपीला जामीन का द्यावा. सर नम्रपणे सांगत होते की आरोपी नाही युवर ऑनर, स्कूटी आहे.

असा सराव रोज चालला. अर्ज दाखल झाला, सुनावणीचा दिवस लागला. मावशी रोज बसने जाऊन थोडीफार मासळी विकत होती, आणि सरांच्या घरी येऊन पापलेट न दाखवताच विचारत होती, "कवा?" त्यांच्या उलटतपासाला तिच्याकडे आता वेळ नव्हता. माझ्या मनात एकच धास्ती. सर पुन्हा गप्प झाले तर मावशीची गाडी कुणीतरी दुसरा सोडवेल, त्याचं काही नाही. पण सरांचं काय? रिकाम्या खुर्चीसमोर ते पुन्हा उभे राहू शकतील?

सुनावणीच्या दिवशी बेलापूरच्या कोर्टात आम्ही तिघं. सरांचा कोट इस्त्रीचा, फाईल डाव्या काखेत. दारातून शिपायापासून शिरस्तेदारापर्यंत सगळ्यांना नमस्कार झाले. सर वकिलांच्या खुर्च्यांत बसले, मी त्यांच्या बरोबर मागे, मावशी शेवटच्या बाकावर. व्यासपीठावर न्यायाधीश बाई होत्या. तरुण. आमच्या सरांची मुलगी शोभली असती.

पुकारा झाला. सर उठले. नमस्कार केला.

"बोला," बाई म्हणाल्या.

सरांनी फाईलकडे पाहिलं.

मागून मला फक्त त्यांचा कोट दिसत होता, पण तो कोटच सांगत होता. खांदे वर, मान खाली. सरकारी वकिलांनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी खाकरलं. बाई पुन्हा म्हणाल्या, "अर्जदारातर्फे आपणच ना?" सर गप्प. मागच्या बाकावरून मावशीचा आवाज आला, "बोला की सर!" शिपाई धावला, "ए मावशी, शांत बसा." मला वाटलं, उठावं आणि त्यांच्या हातातली फाईल काढून घ्यावी. आणि मग वाटलं, नको, ती एकदा काढून घेतली होती तेवढी पुरे.

तेवढ्यात सरांचा उजवा हात हलला. तो वर गेला, चष्मा उतरला, घडी झाली. मागे वळून न बघता त्यांनी हात पाठीमागे केला. मी पुढे झुकून चष्मा घेतला. रोज घ्यायची तसाच.

"मे इट प्लीज युवर ऑनर," सर म्हणाले. तोच आवाज. वरच्या मजल्यावरचा, टोपातला.

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. गाडी तपासून झाली आहे, कागद मालकिणीच्या नावावर आहेत, ठाण्याच्या आवारात गंजत पडून ती कुणाच्याच उपयोगाची राहणार नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा ती हजर करू. एकदा कागदाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. मग म्हणाले, "असं बघा युवर ऑनर, या गाडीने गुन्हा केलेला नाही. तिला मागून मार बसलाय. मार खाणाऱ्यालाच आपण कोंडून ठेवलंय." हे सगळं त्यांनी अत्यंत आदराने, नजर न हलवता, न्यायाधीश बाईंच्या थोडं डावीकडे बसलेल्या टायपिस्टला उद्देशून सांगितलं. यंत्र असतं तर पैकीच्या पैकी दिले असते. टायपिस्ट बिचारा टाईप करायचं सोडून मान डोलावत होता.

बाईंनी पोलिसांचं म्हणणं आलं का विचारलं. कोर्टात त्याला सगळे 'से' म्हणतात. सरकारी वकील म्हणाले, अजून नाही आलं. "से येऊ द्या," बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात ठेवते." आणि त्यांनी तारीख दिली.

सरांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि उलटे चालू लागले. मी पुटपुटले, "सर, थांबा." कोर्टात ओरडता येत नव्हतं. ते दोन खुर्च्या ढकलत दाराशी उभ्या पोलीस हवालदाराच्या छातीवर जाऊन टेकले. हवालदाराने त्यांना अलगद धरून बाहेर उभं केलं.

बाहेर मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "काय झालं?"

"तारीख मिळाली!" सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. "मावशी, खरी तारीख मिळाली!"

"तारीख? तारीख घेऊन मी काय करू? तिच्यावर बोंबील सुकत घालू?"

सरांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी मावशीचा हात धरून हलवला, हवालदाराचा धरून हलवला, आणि शेवटी माझा. त्यांचा हात थंडगार होता. मी चष्मा त्यांच्या नाकावर ठेवून दिला तेव्हा कुठे त्यांना कळलं की मावशी रागावली आहे.

पुढच्या आठवड्यात पोलिसांचा से आला, त्यांची हरकत नव्हती, आणि स्कूटी सुटली, हे आत्ताच सांगून टाकते. मावशी अजून नेरूळला येते आणि आता मी त्याच कोर्टात वकिली करते. सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या तारखेचं.

पुकारा झाला. सर उठले, नमस्कार केला. मी मागच्या खुर्चीवरून सवयीने हात पुढे केला. हात तसाच राहिला. सरांनी मागे न बघता मान हलवली, नाही म्हणून. बोटाने चष्मा नाकावर वर सरकवला, मान उचलून समोर बघितलं, आणि बोलले. आवाज सुरुवातीला कापला. मग कापायचा थांबला. काम संपल्यावर ते उलटेच चालत निघाले, पण या वेळी हवालदार तयारीत होता.

बाहेर आल्यावर मावशी हुकुमाची प्रत कधी मिळणार म्हणून शिपायाच्या मागे लागली. सर भिंतीला टेकून उभे राहिले. चष्मा काढून बँडाच्या टोकाने पुसायला लागले, बराच वेळ.

"न्यायाधीश बाई हसत होत्या गं," ते म्हणाले. "चांगल्या हसत होत्या. म्हणजे, बोला बोला, अशा."

"हो सर."

"मागच्या वेळी पण हसत होत्या?"

"मागच्या वेळी पण. तुम्ही गप्प होतात तेव्हासुद्धा."

सरांचा हात थांबला. "मला दिसलंच नाही," ते म्हणाले. "आणि त्या पहिल्या वेळी, सनद नवी होती तेव्हा, मी तर फाईलमधून डोकंच वर काढलं नव्हतं. साहेबांचा चेहरा कसा होता, मला आजही माहीत नाही."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कोर्टाच्या दाराकडे पाहत राहिले. आत कुणाचा तरी पुकारा चालला होता.

"उगाच घाबरलो गं इतकी वर्षं," सर म्हणाले.